तांड्यावरच्या तारेतले आठ ओहम

राठोड,

शाळेनं तुझी शोकसभा घेतली. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती असं सगळं एकानं वाचून दाखवलं आणि मग दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मराठीचा मास्तर असल्यामुळे दारव्ह्यात कोणीही गेलं की हे दोन शब्द माझ्याच वाट्याला येतात, हे तुला ठाऊक आहे. मी "आमचे राठोड सर" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. खरी अडचण दुसरीच होती. आयुष्यभर तुझ्या तोंडावर बोललो, पाठीमागे कधी बोललो नाही. आता एकदम तुझ्याविषयी बोला म्हटल्यावर जमेना. म्हणून हे तुलाच लिहितो आहे. शुद्धलेखन तू तपासणार नाहीस, ते माझं काम. बाकीचं तू पाहून घे.

आपली दोस्ती जमायचं काही कारण नव्हतं. तू विज्ञानाचा, मी मराठीचा. तू तांड्यावरून मोटारसायकलनं यायचास, मी शाळेमागच्या गल्लीत राहायचो आणि तरी रोज तुझ्या मागून पोचायचो. पण दहावीला विजेचा धडा आला की तू मला माझ्या रिकाम्या तासाला ओढून प्रयोगशाळेत न्यायचास आणि पोरांच्या शेजारी बसवायचास. वर त्यांना सांगायचास की गावंडे सरांना समजलं तर समजायचं, साऱ्या वर्गाला समजलं. पोरं हसायची. मीही हसायचो, कारण दरवर्षी तो धडा मला नव्यानंच समजून घ्यावा लागायचा.

तुझं शिकवणं मात्र सुटसुटीत होतं. दोनच मोजमापं घ्या, म्हणायचास, व्होल्टेज आणि करंट. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. व्होल्टेजला करंटनं गुणलं की पॉवर मिळते, म्हणजे किती वॅट खर्च होतात ते. भागायचं एक आणि गुणायचं एक. मी कुरकुर करायचो की पुस्तकात विभवांतर आणि विद्युतधारा असे चांगले शब्द दिलेत, ते तरी वापर. तू म्हणायचास, पोरायले आधी समजू दे, मंग तू तुझं व्याकरण लाव.

मोजायचा तुला नादच होता. पावसाळ्यात अंगणात बाटली लावून पाऊस मोजायचास. हेडमास्तरांचं भाषण घड्याळ लावून मोजायचास आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करायचास. रक्तातली साखर मोजून घे म्हणून तर तू माझ्या इतका मागे लागलास की मी रस्ता बदलून जायला लागलो. आपलं खरं भांडण यावरूनच होतं आणि ते कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं, मोजलं की भीती जाते. माझं म्हणणं, मोजलं की भीती सुरू होते. तोवर माणूस सुखात असतो. किती वेळा आपण हे बोललो असू. प्रत्येक वेळी घंटा व्हायची आणि तू खडू उचलून निघून जायचास.

मग तुझी फुप्फुसं आवळत चालली. आधी जिना चढताना थांबायला लागलास, मग बोलताना. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑक्सिजन कायमचा लागेल, पण त्यासाठी दवाखान्यात पडून राहायची गरज नाही. हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीन मिळते, ती घरी लावा. तू त्या दिवशी किती खूश होतास. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून बसायचास आणि मला आकडे सांगायचास, जणू क्रिकेटचा स्कोअर. मला ते यंत्र बघवत नसे. मी खिडकीबाहेर बघायचो आणि भाजीचे भाव विचारायचो.

तुझ्या पोरानं, प्रवीणनं, मशीन आणली आणि चालवून बघायला आधी एकटाच तांड्यावर घेऊन गेला. लावली, तर ती घरघरली, टूं टूं करून ओरडली आणि बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तांड्यावरच्या दशरथ वायरमननं मीटर न लावताच निदान केलं की व्होल्टेज नाही, डीपीच कमजोर आहे. आपल्या भागात दिवा मंद झाला की दोष डीपीचा, पंखा हळू फिरला की दोष डीपीचा. तांड्याच्या तोंडाशी उभा असलेला तो बिचारा ट्रान्सफॉर्मर सगळ्यांच्या शिव्या खातो. नवा बसायला किती महिने लागतील ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि तुझ्याकडे महिने होते की नाही तेही कोणी बोलत नव्हतं. प्रवीणनं दवाखान्याच्या मागे एक खोली भाड्यानं घेतली आणि तुला तिथं ठेवलं. पोराचं काही चुकलं नाही. बापाचा श्वास ज्या मशीनवर चालणार ती जिथं चालते तिथंच तो बापाला ठेवणार.

त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी भेटायला आलो तेव्हा तू त्या भिंतीकडे बघत पडला होतास. वहिनी तांड्यावर गेल्या होत्या, घर झाडून यायला. प्रवीण खाली औषधं आणायला गेला आणि तू नाकातली नळी सरळ करून माझ्याकडे वळलास.

"गावंडे, मले घरी जायचं हाय."

मी म्हणालो की तिथं व्होल्टेज कमी आहे.

"किती कमी हाय?"

मला माहीत नव्हतं. प्रवीणला माहीत नव्हतं. दशरथलाही माहीत नव्हतं. कोणी मोजलंच नव्हतं. तू जरा वेळ दम घेतलास.

"मंग तू जा अन् मोजून ये."

मी हातच जोडले. म्हणालो, अरे, तुझे शिकवलेले निम्मे विद्यार्थी वायरमन झालेत, त्यांना सांग; मी समास सोडवणारा माणूस. तेव्हा तू जे बोललास ते मी अजून विसरलेलो नाही.

"थ्या साऱ्यायले आधीच माहीत हाय का डीपी खराब हाय. तुले काहीच माहीत नाई. तू मोजशीन."

अशी मराठीच्या मास्तरची नेमणूक झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर घेतला, आणि टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखा धरला की करंट दाखवतो तो मीटर, दशरथकडे होता. तारांना हात तोच लावणार होता. मी आकडे वाचणार होतो आणि तू यवतमाळहून फोनवर सांगणार होतास. दशरथ थोडा नाराज होता, हे खोटं कशाला सांगू. त्याच्या निदानावर एक मराठीचा मास्तर फेरतपासणी करायला आला होता. पण तुझ्या शब्दाखातर तो गप्प राहिला.

तू एकेक शब्द बोलत होतास, मध्ये श्वास घेत होतास. सगळं बंद कर, म्हणालास. सगळं बंद केलं. प्लगमध्ये व्होल्टेज भरलं दोनशे सोळा. दशरथनं भुवया वर केल्या, कारण दोनशे सोळा काही वाईट नव्हतं. मग तू म्हणालास, इस्त्री लाव. वहिनींनी कपाटातून इस्त्री काढून दिली, हजार वॅटची. ती लावली आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा घसरला: एकशे अठ्ठ्याऐंशी. दशरथनं चिमटा धरला, करंट साडेतीन अँपिअर.

"किती पडलं?" तू विचारलंस.

अठ्ठावीस व्होल्ट पडले होते. करंटनं भाग, म्हणालास. अठ्ठावीसला साडेतीननं भागायचं म्हणजे माझी पंचाईत. तू फोनवर थांबलास. मला तुझ्या मशीनची घरघर ऐकू येत होती आणि तुला उत्तर येत होतं हेही कळत होतं, पण तू सांगितलं नाहीस. इतका आजारी असूनही सांगितलं नाहीस. मी दोन्हीकडे दुप्पट केली, छप्पन्न आणि सात, आणि आठ म्हणालो. आठ ओहम, म्हणालास तू, ह्या तारेत दोनाच्या वर नाही पाहिजेत.

मग तू मला शेजारच्या घरी पाठवलंस. त्यांची तार आपल्याच खांबावरून येते. आपल्याकडे इस्त्री चालू ठेवून तिथं मोजलं, तर दोनशे पंधरा. म्हणजे खांबापर्यंत वीज धडधाकट येत होती आणि खांब ते तुझं घर एवढ्यातच कुठंतरी अडत होती. दशरथनं तो आकडा स्वतः दोनदा पाहिला. "मंग आपल्याच तारेत हाय काही तरी," तो म्हणाला आणि त्यानंतर त्याचा चेहराच बदलला. तो माझ्यापेक्षा जास्त कामाला लागला.

"आता गुण," तू म्हणालास. अठ्ठावीस गुणिले साडेतीन, अठ्ठ्याण्णव. जवळजवळ शंभर वॅट. तू म्हणालास, शंभराचा बल्ब त्या तारेत कुठंतरी जळून राह्यला, गरम जागा पाहा. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझं ते भागायचं आणि गुणायचं एकाच वेळी दिसलं. भागून कळलं की किती अडतंय, गुणून कळलं की त्या अडण्यानं किती जळतंय. इतकी वर्षं वर्गात बसून जे डोक्यात शिरलं नाही ते तुझ्या ओसरीवर उभं राहून शिरलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, कारण तू तिकडे भिंतीकडे बघत पडला होतास.

दशरथनं खांबावरून वीज बंद केली आणि आम्ही तारेच्या मागे मागे निघालो. तिच्यावर गाठीच गाठी होत्या. तांड्यावर घरात लग्न निघालं की बिछायतवाला येतो, मांडवाच्या दिव्यांसाठी घराची तार कापतो, आपली तार त्यात घालतो आणि लग्न आटोपलं की दोन टोकांना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळतो. त्यामुळे कोणत्या घरात किती लग्नं झाली हे तांड्यात तारेकडे बघून सांगता येतं. तुझ्या तारेवर तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, तुझ्या पोरीचं, सुनीताचं होतं, प्रवीणचं होतं. कडुनिंबाच्या फांदीजवळच्या गाठीची टेप पार वितळली होती. आत तांब्याला ॲल्युमिनिअम जोडलेलं, दोन्ही काळंठिक्कर पडलेलं. दशरथच्या बोटाला अजून ऊब लागली.

वहिनींनी वर बघितलं आणि म्हणाल्या, ही तर सुनीच्या लग्नाची. मलाही आठवलं. मी होतो की तिथं. तूच त्या बिछायतवाल्याच्या शेजारी उभा राहून त्याला लोडचा हिशोब सांगत होतास, आणि वरात दाराशी आल्यावर तूच म्हणालास की आता बांध कसंही, उद्या नीट करू. दुसऱ्या दिवशी पोरगी सासरी गेली आणि तू ओसरीत बसून राहिलास. तारेकडे कोण बघतो?

मी फोनवर तुला सांगितलं की डीपी निर्दोष सुटला आणि गुन्हेगार दारव्ह्याचा विज्ञान शिक्षक निघाला. तू हसलास. इतका हसलास की खोकला लागला, आणि प्रवीणनं फोन हिसकावून मला झापलं. काका, तुम्हाला काही समजते का, म्हणाला. मी निमूट ऐकून घेतलं. पण तुझं ते हसणं मला मिळालं, त्याबद्दल मी कितीही बोलणी खायला तयार होतो.

दशरथनं जुनी तार काढून खांबापासून घरापर्यंत एकसंध नवी तार ओढली. पुन्हा इस्त्री लावली, तर दोनशे आठ. दोन ओहम. तू म्हणाला होतास तेवढेच. मशीन आधी का थांबत होती तेही तू समजावलंस. चालू होताना ती क्षणभर चौपट करंट ओढते, आणि आठ ओहमच्या तारेत तेवढ्यानं पन्नासेक व्होल्ट गळून पडत होते.

प्रवीण तरी ऐकेना. तिथं काही झालं तर, एवढंच तो म्हणत राहिला. तू त्याच्याशी वाद घातला नाहीस. तू त्याला सांगितलंस की मशीन तांड्यावर ने, लाव आणि दिवसभर तिच्यासमोर बसून राह्य. तो सकाळपासून बसला. संध्याकाळी पिठाची गिरणी चालू झाली, घरोघरी दिवे लागले, व्होल्टेज दोनशे पाचवर आलं आणि मशीन चालत राहिली. त्यानं मला फोन केला. म्हणाला, लाईट गेली तर एक सिलिंडर भरून ठेवतो काका, बाबाले घेऊन येतो.

तू घरी आलास. तुझी खाट दाराजवळ टाकली, म्हणजे तुरीचं शेत दिसावं. तुझ्या हट्टापायी दशरथनं खाटेजवळच्या प्लगवर व्होल्टेजचा छोटा मीटर बसवला, लाल आकड्यांचा. लोक भेटायला यायचे, तब्येत कशी हाय विचारायचे, तू मीटरकडे बघून सांगायचास, दोनशे चौदा. तांड्याच्या नायकांना हे उत्तर तब्येतीचंच वाटलं आणि ते बाहेर जाऊन म्हणाले की सर सुधारून राह्यले. वहिनींशी तू गोर बोलीत, म्हणजे तुमच्या बंजारा भाषेत बोलायचास आणि मी आलो की मध्येच वऱ्हाडीवर यायचास, मला एकटं वाटू नये म्हणून. मला ते कळत होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही.

आणखी एक गोष्ट मला कळत होती. घरी आल्यापासून तू बोटाला ते यंत्र लावणं सोडून दिलं होतंस. पावसापासून साखरेपर्यंत सगळं मोजणारा माणूस स्वतःचा ऑक्सिजन मोजेना. आकडा काय येणार ते तुला माहीत होतं म्हणून, की माझं म्हणणं शेवटी पटलं म्हणून? कितीदा ओठांवर आलं होतं विचारायचं. विचारलं असतं तर तू काहीतरी खोचक बोलला असतास आणि पुन्हा भांडण झालं असतं. ते भांडण मला हवं होतं रे. पण मी तुरीच्या शेंगांबद्दल बोलत राहिलो आणि तूही बोलत राहिलास. तुझ्याशिवाय मला जगायचं आहे याची मला भीती वाटते, एवढं साधं वाक्य मला मराठीत म्हणता आलं नाही. आणि आयुष्यभर मी पोरांना निबंध शिकवले.

त्या दुपारी काही वेगळं नव्हतं. ऊन दारापर्यंत आलं होतं. वहिनी तुझ्या पायाशी बसल्या होत्या, प्रवीण उशाशी, मी नेहमीच्या खुर्चीत. तुझा श्वास लांब होत गेला. मधली अंतरं वाढत गेली. एका श्वासानंतर आम्ही पुढच्याची वाट बघत बसलो आणि तो आला नाही. वहिनींनी तुझ्या तोंडावरून हात फिरवला. प्रवीण तुझ्या कपाळावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. आणि ती मशीन मात्र चालूच होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आता थे बंद करा," म्हणाल्या.

प्रवीणच्यानं ते झालं नसतं. मी उठलो. इतके दिवस ती बंद पडू नये म्हणून मी जीव टाकला होता. बटण दाबलं. घरघर थांबली आणि घर एकदम इतकं शांत झालं की बाहेर कोणीतरी बैलाला हाकललेलं ऐकू आलं. मीटरवरचा आकडा दोनशे चौदावरून दोनशे सतरावर गेला.

तीन व्होल्ट. मशीन दीड अँपिअर ओढत होती, हे मला पाठ होतं. तीनला दीडनं भागलं, दोन ओहम. तार शेवटपर्यंत चांगली होती, कुठं काही सुटलं नव्हतं, आमच्याकडून काही कमी पडलं नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, फोनवर कोणी थांबलं नव्हतं, तरी मी तिथं उभ्या उभ्या ते गणित पुरं केलं. उत्तर आलं, आणि मग मला रडू फुटलं.